करिपूरची रात्र आणि तिचे ऋण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या जाम नदीत पळसाचे झाड रोवले जाते. त्याच्या शेंड्याला निशाण बांधतात. नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. दोन्ही काठांवरून गोटे सुटू लागतात आणि दिवस मावळेपर्यंत माणसे जखमी होत राहतात. या गोटमारीमागे जी कथा सांगतात ती सर्वांना ठाऊक आहे. पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता, दोन्ही गावांचे लोक काठांवर जमले, दगडांचा वर्षाव झाला आणि ती दोघे पात्रातच गतप्राण झाली. त्यांच्या स्मरणार्थ हा खेळ, असे जुने लोक सांगतात. शेवटी निशाण चंडीमातेच्या देवळात नेऊन पूजा होते आणि लोक घरोघर परततात.

एखाद्या समाजाने आपल्या हातून झालेले मरण शतकानुशतके स्मरणात ठेवावे ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु त्या स्मरणाची एक मर्यादा चटकन ध्यानात येते. कथेत प्रियकर आहे, प्रेयसी आहे, दगड मारणारे दोन्ही गावांचे लोक आहेत. पाण्यात उतरून त्या दोघांना बाहेर काढू पाहणारा मात्र कोणी नाही. दरवर्षी नदीकाठी डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णवाहिका उभ्या असतात, फुटलेली डोकी शिवली जातात. त्यांचाही उल्लेख कोठे येत नाही. मरणाऱ्याचे आणि मारणाऱ्याचे नाव लोककथा जपते. वाचवणाऱ्याचे नाव जपण्याची सवय तिला फारशी नाही.

हा विचार मनात ठेवून पांढुर्णा-सौंसरच्या माणसाने एका अगदी अलीकडच्या घटनेकडे पाहावे. ती घडली येथून शेकडो मैल दूर, केरळात. तिचा एक धागा मात्र नागपूरला येऊन पोहोचतो, आणि नागपूर या भागाला कधीच परके नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होती आणि छिंदवाडा जिल्हा त्याच प्रांतात होता. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. सरहद्द मध्ये आली. बाजार, दवाखाना, सोयरीक आणि भाषा यांची वाट बदलली नाही. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून निराळा पांढुर्णा जिल्हा झाला, तरी संत्र्यांचे ट्रक आणि आजारी माणसे नागपूरचीच वाट धरतात. तेव्हा नागपूरच्या घरात झालेला शोक इकडे ऐकू आला नाही, असे कसे होईल?

विमान आणि नागपूर यांचा संबंधही जुना आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली चार विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी आपापल्या शहरी परतत. देशाच्या मध्यभागी असण्याचे भाग्य नागपूरला असे लाभले. त्याची किंमतही त्याने मोजली. १२ डिसेंबर १९५३ रोजी या सेवेतील एक डाकोटा विमान नागपूरहून उडताच कोसळले आणि त्यात १३ जणांचा अंत झाला. केवळ वैमानिक वाचला. महाराष्ट्राच्या भूमीवर त्याहून मोठा अपघात १९६२ च्या जुलैत झाला. इटलीच्या अलितालिया कंपनीचे विमान मुंबईला उतरण्याच्या तयारीत असताना जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि आतील ९४ पैकी एकही जण उरला नाही. अशा अपघातांत वाचवण्यासाठी धावणाऱ्याला बहुधा प्रेतेच उचलावी लागतात. करिपूरचे वेगळेपण असे की, तेथे धावणाऱ्यांच्या हाती जिवंत माणसे लागली.

७ ऑगस्ट २०२० चा तो दिवस. महासाथीमुळे परदेशात अडकलेल्या भारतीयांना परत आणण्यासाठी सरकारने ‘वंदे भारत’ मोहीम चालवली होती. एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ जातीचे विमान दुबईहून कोझिकोडकडे निघाले. आत १८४ प्रवासी, त्यांत १० तान्ही मुले. दोन वैमानिक आणि चार केबिन कर्मचारी. प्रवाशांत नोकरी गमावून परतणारे होते, मुलाबाळांसह घर गाठणाऱ्या माता होत्या. कोझिकोडचा विमानतळ शहरात नसून मलप्पुरम जिल्ह्यात करिपूर येथे, टेकडीचा माथा सपाट करून बांधलेला आहे. अशा धावपट्टीला टेबलटॉप म्हणतात, आणि नाव नेमके आहे: मेजाच्या कडेवरून पुढे सरकलेली वस्तू खालीच पडावयाची.

संध्याकाळी धो धो पाऊस होता. पहिल्या प्रयत्नात विमान उतरू शकले नाही. कॅप्टनच्या समोरची काच पुसणारा वायपरही त्याच वेळी थोडा चालून बंद पडला. दुसऱ्या प्रयत्नात विमान उलट दिशेने, म्हणजे वारा पाठीशी घेऊन उतरवण्यात आले. चाके टेकली तेव्हा धावपट्टीची निम्मी लांबी मागे पडली होती. ७ वाजून ४१ मिनिटांच्या सुमारास विमान धावपट्टी ओलांडून, कुंपण तोडून, सुमारे ११० फूट खाली विमानतळाच्या भिंतीलगतच्या रस्त्यावर आदळले. त्याचे तीन तुकडे झाले. दोन्ही इंजिने पंखांपासून सुटून पडली, टाक्यांतून इंधन वाहू लागले. आग मात्र लागली नाही. याला दैव म्हणा वा पावसाची कृपा म्हणा. पुढे जे काही घडू शकले ते या एका गोष्टीमुळे.

भिंतीपलीकडे वस्ती होती. कोंडोट्टी आणि आसपासचा तो भाग त्या दिवसांत करोनामुळे प्रतिबंधित होता. घराबाहेर पडू नका असा हुकूम, रस्ते अडवलेले, दुकाने बंद. परदेशातून येणाऱ्या माणसापासून दूर राहा, हे तर त्या काळी लहान मुलालाही शिकवले जात होते. आवाज ऐकून जे प्रथम धावले त्यांना दोन भये एकदमच ठाऊक होती: सांडलेले इंधन पेटू शकते, आणि ज्याला हात लावावयाचा तो आजार घेऊन आला असू शकतो. तरीही लोक आत शिरले. विमानतळाचे अग्निशामक जवान आणि केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान होतेच. त्यांच्या जोडीला शेजारचे मजूर, दुकानदार, वाहनचालक, तरुण पोरे. कोणी मुलांना छातीशी धरून बाहेर आणले, कोणी आसनांमध्ये अडकलेल्यांना मोकळे केले. रुग्णवाहिका पुरेशा येईपर्यंत खासगी मोटारी, टॅक्सी, मिळेल ते वाहन धावू लागले. जवळच्या कोंडोट्टीतील रुग्णालये भरली, मग वाहने कोझिकोडच्या रस्त्याला लागली. आईपासून दुरावलेल्या अजाण मुलांची छायाचित्रे मोबाइलवरून फिरली आणि त्यांवरून त्यांची माणसे शोधली गेली. रात्री रक्ताची गरज असल्याचे कळताच रक्तपेढ्यांसमोर पावसातच रांगा लागल्या.

सव्वादहाला शोधकार्य पूर्ण झाले. अवघे अडीच तास! पुढे सरकारी चौकशीत जो हिशेब लागला तो असा: १९ प्रवासी आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले, ७५ प्रवाशांना गंभीर इजा झाली, ९० किरकोळ जखमांवर वा त्याही न होता सुटले. चार केबिन कर्मचारी वाचले, त्यांतील एकाला गंभीर दुखापत झाली. डोंगराळ भागात, अंधारात, पावसात, महासाथीच्या भरात १९० माणसांच्या विमानातील १६९ जीव वाचावेत याचे श्रेय एकाच कोणाला देता येणार नाही. तथापि ज्यांना आत शिरण्याचा हुकूम नव्हता, वेतन नव्हते आणि प्रशिक्षणही नव्हते, अशांचा त्यातील वाटा उघड आहे.

त्यानंतर त्यांना घरी जाऊन विश्रांती घेण्याचीही मोकळीक नव्हती. जे आत गेले होते त्यांनी चौदा दिवस विलगीकरणात राहावे, असे आरोग्य खात्याने सांगितले. त्यांनी ते मानले. एका पोलिसाने विलगीकरणातील अशा लोकांसमोर उभे राहून केलेल्या सलामाचे छायाचित्र देशभर पाहिले गेले. काही बचावकर्त्यांना पुढे करोनाची बाधा झाली. मलप्पुरमचे जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकही एका आठवड्याच्या आत बाधित आढळले आणि मुख्यमंत्र्यांना स्वतःला वेगळे ठेवावे लागले. रोजंदारीवर पोट असलेल्या माणसाला चौदा दिवस घरात बसणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. दया करणे हे एका रात्रीचे काम असते असे आपण समजतो. तिचा खर्च पुढे कित्येक दिवस चुकवावा लागतो.

इकडे नागपुरात त्याच रात्री एका घरी फोन वाजला. विमानाचे कॅप्टन दीपक वसंत साठे हे नागपूरचे; त्यांचे वृद्ध आईवडील तेथेच राहत होते. कॅप्टन साठे ५९ वर्षांचे होते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून ते वायुदलात गेले, १९८१ साली वायुदल अकादमीतून ‘सन्मान तलवार’ मिळवून बाहेर पडले, लढाऊ विमाने चालवली, चाचणी वैमानिक झाले आणि २००३ साली विंग कमांडरच्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन नागरी विमानसेवेत आले. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या आईचा वाढदिवस होता. त्यांचे पार्थिव मुंबईस आणण्यात आले आणि तेथेच अंत्यसंस्कार झाले. त्यांच्या शेजारी बसलेले सहवैमानिक अखिलेश कुमार हे मथुरेचे, तेही गेले. त्या घरी लवकरच मूल जन्माला यावयाचे होते.

दुःखाच्या वेळी माणसाला आधाराची कथा हवी असते. ती दोन दिवसांतच तयार झाली. कॅप्टनने इंधन संपवण्यासाठी आकाशात तीन घिरट्या घातल्या, आग लागू नये म्हणून इंजिन बंद केले आणि स्वतःचे प्राण देऊन सर्वांना वाचवले, असा मजकूर मराठी घराघरांतून फिरू लागला. तो लाखो लोकांनी वाचला आणि डोळे पुसले. त्यात कोणाचा कपटभाव नव्हता. जाम नदीतल्या प्रेमिकांची कथा जशी घडली असेल तशीच हीही घडली: थोडे ठाऊक असलेले, बरेचसे हवेसे वाटणारे.

सप्टेंबर २०२१ मध्ये विमान अपघात चौकशी विभागाचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि त्यातील हकिकत निराळी निघाली. उतरण्याचा प्रयत्न स्थिर नसतानाही तो चालू ठेवण्यात आला. नियमाप्रमाणे अशा वेळी पुन्हा वर जाणे आवश्यक होते. सहवैमानिकाने तसे, म्हणजे ‘गो अराउंड’, म्हटलेही होते. तरी विमान पुढे नेण्यात आले, आणि सहवैमानिकानेही नियंत्रण आपल्या हाती घेऊन ते वर नेले नाही. अहवालाने मुख्य कारण म्हणून हे नोंदवले. इंधन जाळण्यासाठी घातलेल्या घिरट्यांची कथा त्यात बसत नाही.

या ठिकाणी अनेकांना अहवाल कठोर वाटला. वाचणाऱ्याने तो पुरता वाचला तर तो एका माणसावर बोट ठेवून थांबत नाही असे दिसते. कोझिकोडच्या तळावर कंपनीने २६ सहवैमानिकांच्या मानाने एकच कॅप्टन नेमला होता. कॅप्टन साठे यांना दुसऱ्या दिवशी सकाळी तेथूनच पुढचे उड्डाण करावयाचे होते. विमान दुसरीकडे वळवले असते तर ते उड्डाण रखडले असते. घरी परतण्याची ओढ, पुढच्या कामाचे ओझे, बिघडलेला वायपर, पाठीवरचा वारा, ओली धावपट्टी. या सर्वांचा भार त्या शेवटच्या काही मिनिटांवर पडला. विमानतळाच्या अग्निशामक व्यवस्थेतही अहवालाला उणिवा आढळल्या. वाचवण्याचे काम नीट सुसूत्र नव्हते आणि या जातीच्या विमानाची पुरेशी माहिती जवानांना दिलेली नव्हती. म्हणजे जे काम शिकवलेल्या यंत्रणेने करावयाचे, त्याची कसर शेजारच्या न शिकलेल्या लोकांनी भरून काढली.

मग नागपूरने काय करावे? शोक खोटा होता असे म्हणावे काय? तसे म्हणण्याचे कारण नाही. बावीस वर्षे देशाच्या वायुदलात आणि नंतर नागरी सेवेत निष्ठेने उडालेला माणूस एका संध्याकाळच्या निर्णयाने पुसला जात नाही. परंतु त्याच्यासाठी बनवलेली चमत्काराची कथाही त्याला काही देत नाही. उलट ती कथा दोघांचा वाटा हिरावून घेते. एक, ज्याने ‘पुन्हा वर चला’ असे म्हटले तो तरुण सहवैमानिक. दुसरे, जे पावसात भिंतीपलीकडून आले ते लोक. कॅप्टनने सर्वांना वाचवले असे एकदा ठरले की मलप्पुरमच्या माणसांना करावयाचे काही उरतच नाही. वैमानिकाविषयी आदर आणि अहवालाविषयी आदर हे दोन्ही एकाच मनात राहू शकतात; तेवढी जागा मनात असावयास हवी.

जगात इतरत्र लोकांनी अशा प्रसंगांची आठवण कशी ठेवली, हे पाहण्यासारखे आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे विमान बाँबस्फोटाने आयर्लंडजवळच्या समुद्रात कोसळले. ३२९ जण गेले, वाचले कोणीच नाही. विमान ज्या मुंबईकडे यावयाचे होते तेथील अनेक घरांत त्या दिवशी अंधार झाला. मृतदेह शोधण्यासाठी व्यापारी जहाजे, आयरिश नौदल आणि किनाऱ्यावरचे लोक खपले. कॉर्क शहरातील रुग्णालयात ते आणले गेले. या माणसांशी त्या किनाऱ्याचे काहीएक नाते नव्हते. तरी अहाकिस्टा या खेड्यात एका वर्षाच्या आत समुद्राकडे तोंड करून सूर्यघड्याळाचे स्मारक उभे राहिले, आणि दरवर्षी २३ जूनला तेथील लोक दूरदेशीच्या नातलगांबरोबर जमू लागले. मरणाच्या दारात भेटलेली माणसे पुढे पाहुणे झाली.

स्कॉटलंडच्या लॉकरबी गावाची गोष्ट याहून हृद्य आहे. २१ डिसेंबर १९८८ रोजी पॅन अ‍ॅमचे विमान स्फोटाने त्या गावावर पडले. विमानातील २५९ आणि गावातील ११ माणसे मेली. गावातील स्त्रियांनी मृतांचे विखुरलेले कपडे गोळा केले, धुतले, इस्त्री केली, घड्या घातल्या आणि मग ते त्यांच्या घरी पोहोचवले. स्वतःच्या गावात अकरा प्रेते असताना परक्यांचे कपडे धुणे! त्या विमानात अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाचे ३५ विद्यार्थी होते. त्या विद्यापीठाने लॉकरबीच्या दोन विद्यार्थ्यांना दरवर्षी शिष्यवृत्ती देण्यास सुरुवात केली. स्मारकशिला दोन्ही ठिकाणी आहेतच. पण त्या गावातील मुलगा वा मुलगी मेलेल्या विद्यार्थ्यांच्या जागी बसून शिकते, हे स्मारक दगडाहून अधिक टिकाऊ म्हणावे लागेल.

आपल्याकडे जवळचे उदाहरण मंगळूरचे. २२ मे २०१० रोजी त्याच कंपनीचे, त्याच जातीचे विमान तशाच टेबलटॉप धावपट्टीवरून दरीत गेले आणि पेटले. १५८ जण मृत्युमुखी पडले, आठ वाचले. ज्यांची ओळख पटली नाही अशांचे दफन नदीकाठी झाले आणि तेथे स्मारक करण्यात आले. मंगळूर व करिपूर यांत दहा वर्षांचे अंतर आहे. टेबलटॉप धावपट्ट्यांच्या टोकाला अधिक सुरक्षित जागा हवी, हे मंगळूरनंतर वारंवार सांगितले जात होते. स्मरण नुसते फुलांपुरते राहिले म्हणजे काय होते, याचे हे एक दुःखद उदाहरण.

करिपूरच्या वाचलेल्यांनी निराळा मार्ग धरला. अपघातात वाचलेले प्रवासी आणि मृतांचे नातलग मलबार डेव्हलपमेंट फोरम या संस्थेच्या साहाय्याने एकत्र आले होते. प्रथम हेतू नुकसानभरपाई मिळवण्याचा होता, आणि त्यात गैर काहीच नाही. ज्यांचे हातपाय मोडले, ज्यांची परदेशातील नोकरी गेली, त्यांना ती हवीच होती. पैसे मिळू लागल्यावर मात्र त्यांच्यात एक विचार निघाला: आपल्याला ज्यांनी बाहेर काढले त्यांना काय द्यावे? पैसे त्यांनी घेतले नसते. पदके देणे सरकारचे काम. तेव्हा त्यांनी त्या रात्रीचीच आठवण केली. जखमींना घेऊन मोटारी दूरदूर धावत होत्या, कारण विमानतळाच्या पायथ्याशी राहणाऱ्या या लोकांना जवळ पुरेसा दवाखानाच नव्हता. तेथे एक सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र होते, पण ते लहान होते. त्याला नवी इमारत बांधून द्यावयाची असे ठरले.

७ ऑगस्ट २०२२ रोजी, अपघाताला दोन वर्षे झाली त्या दिवशी, त्याच परिसरात वाचलेले आणि वाचवणारे एकत्र जमले आणि या कामाच्या करारावर सह्या झाल्या. सुमारे ५० लाख रुपयांचा खर्च नुकसानभरपाईतून मिळालेल्या रकमेतील वाटे घालून करावयाचा होता. ज्यांनी हे ठरवले त्यांतील पुष्कळजण स्वतः अजून कुबड्यांवर वा शस्त्रक्रियांच्या तारखांवर होते. शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानण्यास एकटाच परत येतो. नऊ कोठे आहेत, असा प्रश्न तेथे विचारला जातो. करिपूरला परत येणारे एकटे नव्हते, आणि आले ते नुसते आभार मानण्यास आले नव्हते.

त्या देणगीत आणखी एक शहाणपण आहे. आरोग्य केंद्राची इमारत बचावकर्त्यांपैकी अमुक एकाला मिळाली असे होत नाही. त्या रात्री धावलेल्यांची यादी कोणाजवळ पुरी नव्हती. अंधारात कोणी कोणाचे नाव विचारले नव्हते. यादी केली असती तर राहून गेलेल्यांचे दुःख झाले असते, न आलेल्यांनीही नावे घातली असती. दवाखान्यात मात्र त्या रात्री धावलेल्याची म्हातारी आई येईल, त्याचे तान्हे मूल येईल, आणि जो दार लावून घरात बसला होता तोही येईल. त्याच्याकडून कोणी ओळखपत्र मागणार नाही.

शेजारधर्माचा हिशेब तेथे संपला नाही. अपघातानंतर मोठ्या विमानांना करिपूरला उतरण्यास बंदी झाली आणि धावपट्टीच्या दोन्ही टोकांना सुरक्षित जागा वाढवण्याचा आग्रह केंद्राने धरला. टेकडीवर मोकळी जागा नव्हती, तेव्हा ती पायथ्याच्या गावांतूनच घ्यावी लागणार होती. पळ्ळिक्कल आणि नेडियिरुप्पु या गावांतील बारा एकरांहून अधिक जमीन राज्य सरकारने संपादन केली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात विमानतळाच्या स्वाधीन केली. लोकांनी आधी विरोध केला; पूर्वीही विमानतळासाठी त्यांच्या जमिनी अनेकदा गेल्या होत्या, आणि मोबदल्याविषयी त्यांचा अनुभव गोड नव्हता. शेवटी त्या कुटुंबांना राहती घरे सोडून दुसरीकडे बिऱ्हाड करावे लागले. पावसाच्या रात्री ज्या परिसरातील माणसे विमानाकडे धावली, त्याच परिसरातील घरे पाडून तेथे मातीचा भराव घालण्याचे ठरले, म्हणजे पुढचे एखादे विमान कडेवर थांबू शकेल.